दहा-बारा

ऐरोली, सेक्टर आठ, तिसरा मजला.
रविवारी सकाळी सातला बाळाराम मढवी
बेल वाजवत नाही, दारावर दोन टिचक्या मारतो,
आई झोपलेली असेल म्हणून.
आई पाचलाच उठून
फडक्यातल्या वालांचे मोड चाचपत बसलेली असते.

जवालाही मोड आणतात, हे तिला पटलं होतं.
"मग भाजतात, भरडतात, शिजवतात,
आणि चोथा म्हशींना?"
बिरड्याच्या हिशोबात ते काही बसेना.

माझ्या बारशाच्या भाताचं पातेलं,
त्यात पाणी सदुसष्ट अंशांवर, तासभर.
दोन अंश वर गेलं तर बिअर अंगाने जड होते,
दोन खाली तर सडसडीत.
बाळाराम रबाळ्याच्या प्लांटमध्ये आठवडाभर गेज तपासतो,
माझ्या दीडशेच्या थर्मामीटरवर त्याचा भरवसा नाही.
स्वतःचा आणतो, रुमालात गुंडाळून.

हॉप्स फ्रीजरमध्ये, ओल्या बोंबलांच्या शेजारी,
तीन पिशव्यांच्या आत.
पाकीट फोडलं की कोणीतरी पपनस सोलतं,
कैरीचा चीक उडतो,
खाडीचा ओहोटीचा वास खिडकीतच थबकतो.
पहिली मूठ कडूपणासाठी, ती तासभर उकळते.
शेवटची आच बंद केल्यावर, फक्त वासाला.
हे समजायला मला चार पुस्तकं लागली.
आई म्हणाली, कोथिंबीर आधी कोण घालतं?

पहिली बॅच गव्हाची होती, एप्रिलातली, फ्रीज नव्हता.
वेलची केळ्याचा वास येईल म्हणाले होते,
आला नेलपॉलिशचा.
दुसरीत साखर जास्त पडली.
रात्री दोनला बाटल्या एकेक करून फुटल्या
आणि खालच्या तांडेलबाई खराटा घेऊन वर आल्या,
एवढ्या रात्री नारळ कोण फोडतंय म्हणून.

तिसरी सेझाँ. मे महिन्याला न घाबरणारी,
मिरीसारखी, कोरडी, सुरेख.
तिच्या नऊ बाटल्या बाळाराम घरी घेऊन गेला
आणि एका रात्रीत संपवल्या.
स्कूटरचं पुढचं चाक नंतर नाल्यात सापडलं.
रजनी पोराला घेऊन करावेला गेली, माहेरी.
कोणी मला काही बोललं नाही.
मी पातेलं माळ्यावर टाकलं.

एकशे चौदाव्या दिवशी त्यानेच ते खाली काढलं.
"पिवाचा तू," म्हणाला, "मोजाचा मी."

तेव्हापासून हे असं.
भंगारातून नऊशेला आणलेल्या फ्रीजमध्ये
डबा अठरा अंशांवर बसतो,
नळीतून बुडबुडा येतो, ग्लुक,
मग बराच वेळ काही नाही, मग ग्लुक.
बाळाराम स्टुलावर बसून घड्याळ लावतो.
काचेच्या नळकांड्यात हायड्रोमीटर तरंगवतो,
डोळा पाण्याच्या रेषेला आणून आकडा वाचतो
आणि जुन्या लॉगबुकात लिहितो:
दहा-चौपन्न. दहा-तीस. दहा-अठरा.
शेजारी आणखी एक रकाना आहे, दिवसांचा.
तो मी वाचत नाही.

आज दहा-बारा. परवाही दहा-बारा होतं.
"थांबला," म्हणाला. बराच वेळ बघत राहिला.
"त्याला कलतं कसा, आता थांबाचा?"
यीस्टला खायला उरत नाही रे, मी सांगितलं.
"उरलाय ना," तो म्हणाला. "बारा उरलाय."

मला उत्तर येत होतं.
काही साखरा त्याला पचत नाहीत, वगैरे.
दिलं नाही.
नळकांड्यातली बिअर मी प्यायलो, कोमट, बिनफेसाची,
जिभेच्या मुळाशी कडू.
त्याने रिकामं नळकांडं नाकाशी धरलं,
डोळे मिटले,
मग नळाखाली नीट विसळून उपडं ठेवलं.

"किती झालं रे?" आईने आतून विचारलं.
"दहा-बारा," तो ओरडला.
"अगोबाई," आई म्हणाली, "एवढ्या माणसांना
बिरडं नाही पुरायचं,"
आणि तांदळाच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.